हुकमाचा आनंद

दिवाळीत ज्याला आनंद झालेला नसतो, त्याची मोठी पंचाईत होते. घरात दुखवटा नाही, दुखणे नाही, मुले अंगणात फुलबाज्या लावीत आहेत. आणि याचे आपले तोंड उतरलेले. मग कुणीतरी म्हणते, "अरे, सणासुदीचा दिवस, हास की जरा!" आणि तो हसतो. हे हसणे खरे की खोटे, असा प्रश्न घरात कुणी काढीत नाही, काढू नयेच. पण हसायला सांगणारा घरातला वडीलधारा नसून देशाचा धनी असेल, आणि न हसण्याची शिक्षा फराळाचे ताट पुढून ओढून घेण्याइतकी हलकी नसून तुरुंग किंवा बंदुकीची गोळी असेल, तर त्या हसण्याला काय म्हणावे? आणि ते हसणे जर इतके सुरेख साधले असेल की ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही जगभरचे लोक तिकिटे काढून ते ऐकायला बसतात, तर?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो कोणत्या ग्रंथावरून नव्हे. एका नागपूरकर स्नेह्याने मला एकाच रशियन सिंफनीच्या चार निरनिराळ्या ध्वनिमुद्रिका ऐकायला दिल्या, त्यावरून आला. विलायती संगीतातला मी जाणकार नव्हे. मी झाडीपट्टीतला माणूस. आमच्याकडे भाऊबीज झाली की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटक चालते, ऑर्गन आणि तबला पहाटेपर्यंत थकत नाही. गाणे ऐकण्याची माझी शाळा ती. पण त्या शाळेत एक गोष्ट मात्र पक्की शिकायला मिळते. तेच पद, तेच शब्द, पण गाणारा बदलला, लय बदलली, की अर्थ बदलतो. आमच्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी तर १९६७ साली या गोष्टीचा नाटकातच उपयोग केला. 'कट्यार काळजात घुसली' मधले 'घेई छंद मकरंद' हे पद पंडितजींच्या तोंडी एका चालीत येते आणि खाँसाहेबांच्या तोंडी दुसऱ्या. चाली अभिषेकीबुवांच्या, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. भुंगा तोच, मध तोच. पण पंडितजींचा भुंगा मध चाखतो आणि खाँसाहेबांचा भुंगा मध जिंकून आणतो. ज्यांनी दोन्ही ऐकली आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

तिथे निदान चाली दोन होत्या. माझ्या चार ध्वनिमुद्रिकांत चालही एकच आहे. सिंफनी म्हणजे शंभरेक वादकांनी मिळून वाजवायची, बहुतेक वेळा शब्दांवाचूनची मोठी रचना. तिच्यातला सूर न् सूर कागदावर लिहिलेला असतो, आणि छडी घेऊन उभा असलेला संचालक फार तर लय आणि जोर ठरवतो. असे असून एका मुद्रिकेत ती रचना विजयाने संपते आणि दुसरीत शिक्षेने. शेवटी कागदावर आनंदच लिहिलेला आहे. वाद आहे तो कुणाच्या आनंदाचा.

आता थोडा इतिहास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. द्मित्री शोस्ताकोविच हा रशियन संगीतकार १९०६ साली जन्मला. विशीतच त्याचे नाव झाले. १९३४ साली रंगभूमीवर आलेले त्याचे एक संगीतनाट्य दोन वर्षे धडाक्याने चालले. जानेवारी १९३६ मध्ये ते पाहायला स्वतः स्टालिन आला आणि शेवटापर्यंत न थांबता उठून गेला. दोन दिवसांनी, २८ तारखेच्या 'प्रावदा'त निनावी अग्रलेख आला: हे संगीत नव्हे, हा गोंधळ आहे. त्या काळच्या रशियात असा अग्रलेख म्हणजे काय, हे सांगायला पुढचे वर्षच पुरे. शोस्ताकोविचचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्हस्की याला जून १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. ओळखीची माणसे नाहीशी होऊ लागली. आपली चौथी सिंफनी त्याने तालमी चालू असतानाच मागे घेतली; ती लोकांच्या कानी पडायला १९६१ उजाडावे लागले.

आणि याच १९३७ मध्ये, एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत, त्याने पाचवी सिंफनी लिहिली. २१ नोव्हेंबरला लेनिनग्राडमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. छडी येवगेनी म्राविन्स्की या चौतीस वर्षांच्या, तोवर फारसे नाव नसलेल्या संचालकाच्या हाती होती. तिसरा भाग संथ, शोकाचा. तो चालू असताना श्रोते उघडपणे रडले. त्या शहरात रडण्याजोगे पुष्कळ होते, आणि रडायला जागा मात्र तेवढी एकच होती. मग चौथा भाग आला, जयघोषाचा. टाळ्या अर्ध्या तासाहून अधिक वेळ चालल्या. म्राविन्स्कीने स्वरलिपीची वही डोक्यावर उंच धरली. सरकारनेही मान डोलावली: पोरगा सुधारला! "न्याय्य टीकेला सोव्हिएत कलावंताचे उत्तर" असे नाव त्या सिंफनीला चिकटले ते एका वार्ताहराने दिलेले, पण शोस्ताकोविचने ते खोडून काढले नाही. कोण खोडील?

वाद आहे तो या चौथ्या भागाच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा. पितळी वाद्ये गर्जत असतात, नगारे षड्ज-पंचम षड्ज-पंचम ठोकीत राहतात, आणि व्हायोलिनवाले वरचा पंचम, तोच एक सूर, शेकडो वेळा घासत राहतात. याची लय किती? छापील आवृत्त्यांतच मेळ नाही. एकीत जी लय दिली आहे तिच्या जवळजवळ निमपट दुसरीत आहे. एका छापील खुणेचा प्रश्न. पण माणूस भित्रा होता की शूर, हा निवाडा त्या खुणेवर टांगलेला आहे.

लिओनर्ड बर्नस्टाइन हा अमेरिकन संचालक १९५९ साली आपला न्यूयॉर्कचा वाद्यवृंद घेऊन रशियात गेला. मॉस्कोत त्याने ही सिंफनी वाजवली तेव्हा शोस्ताकोविच श्रोत्यांत होता. प्रयोग संपल्यावर तो मंचावर आला. परतल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बोस्टनला बर्नस्टाइनने तिचे ध्वनिमुद्रण केले. ही माझी पहिली मुद्रिका. शेवट असा भरधाव की टांग्याचा घोडा घर दिसल्यावर धावावा. इथे शंकेला जागा नाही: दुःख होते, ते संपले, आता उजाडले. ऐकून छाती भरून येते. पुन्हा ऐकावीशी वाटते ती मात्र क्वचित.

दुसरी मस्तिस्लाव रोस्त्रोपोविचची, १९८२ ची. हा शोस्ताकोविचचा शिष्य, जगप्रसिद्ध चेलोवादक. १९७४ मध्ये त्याने रशिया सोडला आणि पुढे चार वर्षांनी त्याचे नागरिकत्वही हिरावून घेण्यात आले. मुद्रण वॉशिंग्टनच्या वाद्यवृंदाचे. इथे शेवट जड, ओढलेला. तो पंचम खिळ्यासारखा डोक्यात ठोकला जातो. आमच्या घरी ही लावली तेव्हा स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "कोणाची वरात आहे का जी?" मी नाही म्हणालो. "मंग एवढं कायले वाजवून राह्यले?" संगीतसमीक्षकांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे, पण इतका नेमका प्रश्न मी कुठे वाचला नाही.

रोस्त्रोपोविचच्या या वाजवण्यामागे एक पुस्तकही उभे आहे. १९७९ साली, शोस्ताकोविच वारल्यावर चार वर्षांनी, सॉलोमन व्होल्कॉव्ह याने त्याच्या म्हणून सांगितलेल्या आठवणी न्यूयॉर्कला प्रसिद्ध केल्या. तो आनंद धाकदपटशाने करून घेतलेला होता, असे त्यात त्याच्या तोंडी आहे. त्या आठवणी कितपत अस्सल, यावर पंडितांचे भांडण अजून मिटलेले नाही. पण पुस्तक खोटे ठरले तरी शंका जुनीच. अलेक्झांडर फदेयेव या पूर्णपणे सरकारमान्य कादंबरीकाराने तिसाच्या दशकातच आपल्या खासगी टिपणात लिहून ठेवले होते की हा शेवट सुटकेसारखा वाटत नाही, कुणाला तरी केलेल्या शिक्षेसारखा वाटतो. बाहेर टाळ्या आणि वहीत हे!

तेव्हापासून सुशिक्षित श्रोत्यांनी निवाडा करून टाकला आहे: संथ शेवट खरा, भरधाव शेवट भाबडा. शोस्ताकोविच वरून मान तुकवीत होता आणि आतून हुकूमशहाची टवाळी करीत होता. मला या निवाड्याबद्दलच बोलायचे आहे, कारण तो फार सोयीचा आहे. आपल्याला आवडलेले संगीत एका भ्यालेल्या माणसाने केले, हे आपल्याला सोसत नाही. म्हणून आपण त्याच्या पोटात एक छुपा वीर बसवतो. आरामखुर्चीत बसून, पायाखाली जाजम घेऊन, आपण त्याच्याकडून बंड मागतो, आणि ते त्याने केले नसेल तर त्याच्या वतीने आपणच करून टाकतो.

हे मला खटकते त्याला माझ्या मुलखाचेही कारण आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चांद्यातून वेगळा निघाला. त्याच्या थोडेसे आधी नक्षलवादी दले जंगलात शिरली होती. पुढची कितीतरी वर्षे दक्षिणेकडच्या खेड्यांतल्या माणसांनी दोन बंदुकांच्या मधोमध काढली. रात्री एक सभा, दिवसा दुसरी. रात्रीच्या सभेत गाणी, दिवसाच्या सभेत भाषणे, आणि दोन्हीकडे टाळ्या. जो टाळ्या वाजवीत नसे तो डोळ्यांत भरे. ते दिवस आता पुष्कळ मागे पडले आहेत. भामरागडाकडच्या एका म्हाताऱ्याशी बोलता बोलता मी विचारून गेलो, "बाबा, दोन्हीकडे टाळ्या वाजवायचे?" तो म्हणाला, "वाजवल्या ना जी गुरुजी. पोरं लहान होते."

आता सांगा, या टाळ्या खोट्या म्हणायच्या? त्यात छुपी टवाळी होती म्हणायची? दोन्ही नाही. त्या माणसाला पोरे वाढवायची होती, आणि ती त्याने वाढवली. शोस्ताकोविचलाही १९३६ च्या मे महिन्यात मुलगी झाली होती.

इथे कुणी महाभारत पुढे करील. द्यूतसभेत भीष्म गप्प राहिले, त्यांनाही असेच सोडून द्यायचे का? नाही. भीष्मांना गोळी घालील असा त्या सभेत कुणी नव्हता; ते उठले असते तर सभा उठली असती. त्याच सभेत विकर्ण बोलला, आणि त्याचा हात तर किती लहान. मौन सर्वांचे सारखे दिसते, पण कुणाच्या जिभेवर किती वजन ठेवले होते, हे पाहिल्यावाचून त्याचे मोल करता येत नाही.

हे माप शोस्ताकोविचलाही लावले पाहिजे, नाहीतर ते माप कसले? १९३७ मध्ये त्याच्या जिभेवर डोंगर होता. १९६२ मध्ये तो बराच उतरला होता. तेव्हा त्याने तेरावी सिंफनी केली. तिच्यात बाबी यार इथे झालेल्या ज्यूंच्या कत्तलीवरची येवतुशेंकोची कविता घेतली, आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. हे त्याच्या जमेला. पण १९७३ मध्ये साखारोव्हची निंदा करणाऱ्या पत्रावर इतर संगीतकारांबरोबर त्याचेही नाव आले. तेव्हा कुणी त्याला गोळी घालणार नव्हते. त्या नावाची बाजू मला घेता येत नाही. त्या म्हाताऱ्याच्या टाळ्यांच्या रांगेत ते बसत नाही.

राहिल्या दोन मुद्रिका, दोन्ही म्राविन्स्कीच्या. एक १९५४ ची, दुसरी १९८४ ची. लेनिनग्राडचा तोच वाद्यवृंद त्याने पन्नास वर्षे सांभाळला. १९८४ मध्ये तो ऐंशीचा होता, आणि शोस्ताकोविचला जाऊन नऊ वर्षे झाली होती. या दोन मुद्रिकांमध्ये तीस वर्षे आहेत, पण माणूस तसूभर हललेला नाही. शेवट तो पळवीत नाही आणि पिळीतही नाही. सरळ, ताठ, तोंडावरची रेषा न हलवता नेतो. विजय म्हणावा तर हसू नाही, यातना म्हणावी तर हुंदका नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, नाव-गाव सांगतो, पुढे बोलत नाही. बाहेरच्या संचालकांना हे परवडत नाही, त्यांना काहीतरी सांगायचे असते. म्राविन्स्की त्या १९३७ च्या रात्री तिथे होता. काय सांगितले की कुणाचे काय होते, हे त्याला ठाऊक होते. मला या दोन मुद्रिका सर्वांत खऱ्या वाटतात त्या यामुळे. त्या मित्राचे गुपित फोडीत नाहीत, मग ते गुपित जे काही असेल ते असो. मुळात ते होते की नाही, हेही त्या सांगत नाहीत.

स्नेह्याला मी हे लिहून कळवले. त्याचे उलट टपाली उत्तर आले. त्याने एवढेच विचारले होते, की बाबी यारच्या त्या तेराव्या सिंफनीची छडी १९६२ मध्ये कुणी धरली, माहीत आहे ना? माहीत आहे. पहिला हक्क म्राविन्स्कीचा होता. त्याने अंग काढून घेतले. मग किरिल कोंद्राशिन पुढे आला आणि १८ डिसेंबरला मॉस्कोत तिचा प्रयोग झाला. पंचवीस वर्षांचा स्नेह त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. म्राविन्स्कीने नकार का दिला याची कारणे निरनिराळी सांगतात, आणि त्याने स्वतः याही बाबतीत जाहीरपणे काही सांगितले नाही. मी १९८४ ची मुद्रिका पुन्हा लावली, शेवटपर्यंत ऐकली, आणि त्याच्या त्या न हलणाऱ्या चेहऱ्याचा मला लागलेला अर्थ या वेळी पहिल्याइतका पक्का राहिला नाही. पत्राला उत्तर अजून लिहायचे आहे.