चक्र निसर्गात की गणितात?

पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदींची विलक्षण लांब मालिका आहे. ती १८४१ साली मुंबईतल्या कुलाब्यात सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा नोंदींना उपद्रव होणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. या नोंदींत रोज एक चढउतार दिसतो. सूर्यकिरणांनी सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरची हवा विद्युतभारित होते, वाऱ्यांमुळे तिच्यात विद्युतप्रवाह वाहतात, आणि अलिबागला क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक मध्यान्हाच्या सुमारास वाढून संध्याकाळपर्यंत उतरतो. ऋतूप्रमाणे हा चढ कमीजास्त होतो. तंतोतंत सारखे दोन दिवस मात्र सापडत नाहीत. मग दैनिक चक्र म्हणतात ते नेमके असते कुठे?

भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अनेक व्यक्तींत वसणारे 'सामान्य' खरोखर अस्तित्वात असते. बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांच्या मते खरे असते ते फक्त क्षणिक, एकमेव असे 'स्वलक्षण'. सामान्य ही बुद्धीची रचना. महिन्यातले चुंबकीयदृष्ट्या सर्वांत शांत असे पाच दिवस निवडून त्यांची सरासरी काढली जाते, तेव्हा हा वाद पुन्हा समोर येतो. तो सरासरीचा वक्र प्रत्यक्षात कोणत्याही दिवशी उमटलेला नसतो.

फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांच्या पद्धतीने कोणतीही नोंद निरनिराळ्या कालावधींच्या नियमित लहरींत विभागता येते. इथे बौद्धांची बाजू बळकट होते. पनवेलचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. वर्षभराच्या एकाच सौम्य लहरीत तो बसत नाही, म्हणून गणिताला सहा, चार, तीन महिन्यांच्या लहरी जोडाव्या लागतात. पण दर चार महिन्यांनी पाऊस आणणारे कारण आकाशात नाही. ती लहर केवळ मांडणीची गरज आहे.

चंद्राची गोष्ट वेगळी. पनवेलच्या खाडीत चंद्रामुळे येणारी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी परतते, सूर्याचा वाटा १२ तासांनी. दोन्ही एकमेकांपासून सुट्या करायच्या तर किमान पंधरा दिवसांची नोंद लागते. त्याहून कमी नोंदीत एकच लहर फुगताना किंवा ओसरताना दिसते. चुंबकीय नोंदींतही चंद्राचा ठसा आहे, पण अवघ्या काही नॅनोटेस्लांचा (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक), आणि तो स्पष्ट व्हायला वर्षानुवर्षांचे आकडे लागतात. निरीक्षण अपुरे असले तरी चंद्र तिथे असतोच. अशा चक्राला बुद्धीची रचना म्हणणे पटत नाही.

कोणी रोज फक्त दुपारी बारालाच खाडीचे पाणी मोजले, तर सूर्याची लहर त्याला स्थिर भासेल आणि चंद्राची लहर पंधरवड्याने चढणारी-उतरणारी वाटेल. पाण्याची पातळी दर पंधरवड्याने एकदाच चढून उतरते, असा त्याचा समज होईल. ही संथ लहर पाणी चंद्राचे आणि मोजणी सूर्याच्या दिवसाची, या दोहोंच्या गाठीतून उपजते. काल एक व अखंड आहे, दिवस-मास हे भेद सूर्यगतीसारख्या उपाधींमुळे पडतात, हे वैशेषिकांचे मत इथे फार नेमके लागू पडते. म्हणून कोणतेही चक्र खरे मानण्यापूर्वी मोजणी किती वेळाने झाली आणि त्या कालावधीचे कारण निसर्गात सापडते का, हे दोन्ही तपासावे लागते.

चक्रे वजा केल्यावर जे उरते त्याला गोंगाट म्हणून टाकून देता येत नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या नोंदीत क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला; रोजचा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच असतो. सूर्यावरील उद्रेकामुळे आलेले हे चुंबकीय वादळ कोणत्याही दैनिक वा ऋतुचक्रात बसत नाही. धर्मकीर्तींचे स्वलक्षण शोधायचे तर ते इथेच सापडेल, आणि तरी त्याची खोली मोजली जाते ती प्रत्यक्षात कधीच न आलेल्या त्या सरासरी शांत दिवसाच्या पातळीपासून.