विसावा कोणी घ्यावा?

वेळेवर जेवा, चिंता सोडा, पुरती विश्रांति घ्या, असा उपदेश हल्लीं वैद्य सर्वांसच करितात, व तो खराही आहे. परंतु आमच्या बारामती-इंदापुराकडे गाळपाचा हंगाम आला म्हणजे तो ऐकतांना आमचें मन अडखळतें. बीडकडून येणाऱ्या नवराबायकोस मुकादम एकच 'कोयता' मोजतो. उचल आधींच खर्चलेली, आणि एक दिवस खाडा पडला कीं दंड. तेथें बाईनें पोट दुखतें म्हणून पडून राहावें तरी कसें? सन २०१९ मध्यें सरकारी समितीनें बीड जिल्ह्यांतील ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली; त्यांपैकीं १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींस कर्करोगाचें भय घातलें होतें. कित्येकींनीं खाडा चुकावा म्हणून शस्त्रक्रिया करविली. कोणी म्हणतील, त्यांनीं आपखुशीनें संमति दिली. दिली खरी, पण जिला एक दिवस निजण्याची मुभा नाहीं, तिच्या होकारास आपखुशी म्हणावें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. विसाव्याच्या आज्ञेंत दासी व वेशीआंतील उपरीही आहेत, हें आपण उपासनेंत वाचतों. आणि ऊस तर आमच्यापैकींच पुष्कळांचा. यंदा टोळी फडांत उतरेल, तेव्हां आजारी बाईच्या खाड्याचे पैसे मुकादमाशीं बोलून आपण सोसावे कीं नाहीं, हें त्या त्या घरानें तोडणीपूर्वींच ठरवावें.