आकडा आणि आशा

आमच्या म्हैसूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील मेलुकोटे येथे जन्मलेल्या जयललिता यांचे हृदय ४ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईच्या रुग्णालयात बंद पडले. त्यांना ‘एक्मो’ यंत्रावर ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचे निधन झाले. हे यंत्र शरीरातील रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून ते परत शरीरात सोडते. ते रोग बरा करीत नाही. हृदयाला व फुप्फुसांना सावरण्यास केवळ अवधी देते.

तो अवधी कोणाच्या उपयोगी पडेल? फुप्फुसे निकामी झाल्यामुळे हे यंत्र लावलेल्या २,३५५ रुग्णांच्या नोंदींवरून २०१४ साली ‘रेस्प’ नावाची गुणांकनपद्धती प्रसिद्ध झाली. वय, आजाराचे कारण अशा बारा बाबी पाहून ती रुग्णांचे पाच वर्ग करते. पहिल्या वर्गातील ९२ टक्के रुग्ण वाचले, शेवटच्या वर्गातील १८ टक्के.

उद्या आपल्या आईविषयी डॉक्टरांनी ‘१८ टक्के’ असे सांगितले, तर आपण काय ऐकावे? कोणीही मनुष्य १८ टक्के जगत नाही. हा आकडा पूर्वीच्या अनेकांविषयी बोलतो; त्यांच्यातली आपली आई कोणती, हे तो जाणत नाही. म्हणून त्याला देवाचा निवाडा मानू नये. परंतु तो कानाआड करणे म्हणजेही विश्वास नव्हे. सत्य ऐकण्याचे भय वाटते, तेव्हा आपण त्या भयालाच विश्वास हे नाव देतो.

मरण जवळ आल्याचे ऐकून हिज्कीयाने प्रार्थना केली. त्याला पंधरा वर्षे अधिक मिळाली. दावीदानेही आपल्या बाळासाठी उपास करून प्रार्थना केली, बाळ गेले. तेव्हा तो उठला, त्याने स्नान केले आणि देवाच्या मंदिरात जाऊन नमन केले. दोघांपैकी कोणाचा विश्वास उणा होता? अवधी सार्थकी लागेल तोवर यंत्र चालू ठेवावे. ते केवळ मरण लांबवीत आहे असे स्पष्ट झाल्यावर ते थांबवणे हा अविश्वास नव्हे.

‘आशा’ या अर्थाचा ‘तिक्वा’ हा इब्री शब्द भाषांतर करताना मला नेहमी थांबवतो. यहोशवाच्या पुस्तकात राहाबेने खिडकीला बांधलेल्या दोरीसाठीही तोच शब्द आहे. दोरी कोठे बांधली आहे, यावर तिचा भरवसा असतो. आपली आशा यंत्राला बांधलेली असेल, तर ते थांबताच ती तुटेल. प्रभूला बांधलेली असेल, तर आपण आकडाही ऐकू शकू आणि आईचा हातही शेवटपर्यंत धरून बसू शकू.