एक हात मोकळा ठेवू या

मे महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामात घरोघरी प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. कोणी वेलंकणीला निघते, कोणी जुन्या गोव्याला, कोणी लग्नासाठी दूरच्या नातलगांकडे. तिकिटे हातात येतात आणि मग माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. त्या क्षणापासून प्रत्येक घरात एकच वाद रंगतो: किती सामान घ्यायचे? घरात लहान मुले असली तर हा वाद जास्तच रंगतो. 'मुलांबरोबर जायचे म्हणजे सामान होणारच' असे म्हणून आपण तो मिटवतो. आम्हीही अनेक वर्षे तसाच मिटवला. पण एका प्रवासाने आम्हाला त्यावर पुन्हा विचार करायला लावले. तोच विचार आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही वेलंकणीच्या यात्रेला निघालो. थोरली मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि धाकटा चार वर्षांचा. सामान होते नऊ नग. दोन सुटकेस, एक अंथरुणाची वळकटी, खाण्याची पिशवी, पाण्याची पिशवी, आणि बाकीच्या चार पिशव्यांत काय होते ते आम्हालाही नीट सांगता आले नसते. वसईहून मुंबई, मुंबईहून चेन्नई, तिथे स्टेशन बदलून रात्रीची दुसरी गाडी, असा तो प्रवास होता. प्रत्येक ठिकाणी आम्ही नग मोजत होतो. 'नऊ आहेत ना? आहेत.' जपमाळेच्या मण्यांसारखे आम्ही ते मोजत होतो म्हटले तरी चालेल.

पहाटे नागपट्टिनम आले. तिथून वेलंकणी सुमारे १२ किलोमीटर. गाडी थोडाच वेळ थांबणार होती. एकाने दारातून पिशव्या द्यायच्या आणि दुसऱ्याने त्या फलाटावर रचायच्या, असे आम्ही ठरवले होते. थोरली झोपेतच खाली उतरली. शेवटची सुटकेस उतरली, आम्ही नग मोजले, नऊच्या नऊ होते, आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात थोरलीने विचारले, "बाबू कुठे आहे?"

धाकटा गाडीतच होता. आम्हा दोघांनाही वाटले होते की तो दुसऱ्याजवळ आहे. आम्ही दाराकडे धावलो. समोरच्या बर्थवरची एक म्हातारी बाई त्याचा हात धरून दारात उभी होती. तिच्या एका हातात कापडी पिशवी होती, तेवढेच तिचे सामान. दुसऱ्या हातात आमचा मुलगा होता. तिने त्याला आमच्याकडे दिले, तमिळमध्ये काहीतरी म्हटले आणि गाडी हलली. तिचे आभार मानायलाही वेळ मिळाला नाही.

आपल्यातील अनेकांना इथे संत लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग आठवेल. वल्हांडणाचा सण आटोपून नाझरेथला परत निघालेले योसेफ आणि मरिया एक दिवसाची वाट चालून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आले की बारा वर्षांचा येशू सोबत नाही. तो नातलगांमध्ये असेल असे त्यांना वाटले होते. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. आमची चूक त्यांच्या चुकीसारखी होती असे म्हणून आम्ही स्वतःला समजावू लागलो, पण मनाला ते पटेना. त्यांचा भरवसा माणसांच्या तांड्यावर होता. आमचे सगळे लक्ष मात्र पिशव्यांवर होते. मुलांसाठी म्हणून घेतलेल्या सामानाने आमचे चारही हात अडकले होते, आणि मुलाचा हात धरायला एकही हात मोकळा नव्हता.

घरी परतल्यावर आम्ही एक काम केले. न वापरता जसेच्या तसे परत आलेले सगळे सामान पलंगावर काढून ठेवले. मुलांचे प्रत्येकी चार जादा कपडे, दोन जाड चादरी, चार पुस्तके, एक मोठा खेळण्यांचा डबा, बिस्किटांचे सात पुडे, आणि थोरलीचा जरीचा फ्रॉक, जो फक्त फोटोसाठी घेतला होता. निम्म्याहून अधिक सामान फिरून घरी आले होते. मग आम्ही स्वतःला विचारले: हे कोणासाठी घेतले होते?

प्रामाणिक उत्तर असे निघाले की थोडे सामान मुलांच्या गरजेसाठी होते, बरेचसे आमच्या भीतीसाठी, आणि काही लोकलज्जेसाठी. गरज मुलाची असते. ताप आला तर औषध लागते, पँट ओली झाली तर दुसरी लागते. भीती आपली असते. 'समजा असे झाले तर? आणि समजा तसे झाले तर?' या प्रश्नाला शेवट नाही, म्हणून भीतीने भरलेली बॅगही कधी भरत नाही. आणि लोकलज्जा म्हणजे, 'मुलीला तेच तेच कपडे घातले तर लोक काय म्हणतील?' ही तिन्ही कारणे एकाच बॅगेत जातात, आणि त्या सगळ्यांवर आपण 'मुलांसाठी' अशी एकच चिठ्ठी लावतो.

इथे कोणी म्हणेल, पुढची काळजी घेणे चूक कसे? आईबापांनी काळजी करायची नाही तर कोणी करायची? हा प्रश्न खरा आहे. प्रभू येशूने शिष्यांना वाटेसाठी काही न घेता पाठवले, असे आपण नेहमी ऐकतो. पण शिष्य मोठी माणसे होती. त्यांच्या पाठीशी रडणारे मूल नव्हते. शिवाय संत मार्कच्या शुभवर्तमानात त्यांना काठी आणि वहाणा घेण्याची मुभा आहे, तर संत मत्तय आणि संत लूक यांच्याकडे काठीचीही मुभा नाही. आणि संत लूकच्याच शुभवर्तमानात, अखेरच्या रात्री, प्रभू शिष्यांना विचारतो की तेव्हा तुम्हाला काही उणे पडले का. ते नाही म्हणतात. मग तोच त्यांना सांगतो की आता मात्र ज्याच्याजवळ थैली आहे त्याने ती घ्यावी. म्हणजे रिकामी झोळी हा काही सर्व काळासाठीचा नियम नव्हे. केव्हा घ्यावे आणि केव्हा ठेवावे, हे ओळखायचे असते.

जुन्या करारात मुलाबाळांसह निघालेल्या एका मोठ्या प्रवासाची हकिगत आहे. इस्राएली लोक मिसरमधून इतक्या घाईने निघाले की भिजवलेली कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. पुढे रानात त्यांना मान्ना मिळू लागला. तो घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे, माणशी एक ओमेर गोळा करायचा होता. मुलाबाळांचा वाटा त्यात धरलेलाच होता. तरीही काहींनी भीतीपोटी दुसऱ्या दिवसासाठी साठवला, आणि त्यात किडे पडले. मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला त्यांना सांगितले होते, आणि तो साठवलेला मान्ना खराब झाला नाही. एकच कृती, दोन परिणाम. ठाऊक असलेल्या गरजेसाठी ठेवलेले टिकले. नुसत्या धास्तीने ठेवलेले नासले. आम्हाला वाटते, बॅग भरताना हाच फरक ओळखायचा आहे.

आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. आपले जादा सामान आपण एकटे उचलत नाही. रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्लीपर डब्यात मोठ्या माणसाला ४० किलो आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे सामान मोफत नेता येते. म्हणजे आम्हा दोघांना आणि थोरलीला मिळून १०० किलो. नियमात आम्ही बसत होतो. पण बर्थखालची जागा त्या कप्प्यातल्या सगळ्या प्रवाशांची असते. आमच्या नऊ नगांमुळे कोणाला तरी आपली पिशवी पायाशी घेऊन बसावे लागले, हे आम्ही पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले. शिवाय घरातही ओझे सारखे वाटलेले नसते. बॅग भरणारे हात बहुधा आईचे असतात, आणि 'केवढे हे सामान!' म्हणून कुरकुरणारा आवाज बहुधा बापाचा. जो बॅग भरायला बसत नाही त्याला कुरकुरण्याचा अधिकार नाही, हे आमच्या घरात आता ठरून गेले आहे.

पण हलके निघण्यातही एक फसवणूक असू शकते. काहीच न घेता निघायचे आणि मग ज्यांच्याकडे उतरलो त्यांचे टॉवेल, साबण, चादरी आणि त्यांच्या मुलांचे कपडे वापरायचे, याला हलका प्रवास म्हणता येणार नाही. आपले ओझे तेव्हा दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेले असते. तसेच 'लागेल ते तिथे विकत घेऊ' हे ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच म्हणता येते. फलाटावर एका गाठोड्यानिशी, तीन-तीन मुलांना घेऊन बसलेली मजुरांची कुटुंबे आपण पाहतो. त्यांचे सामान कमी आहे, पण ते त्यांनी निवडलेले नाही. त्यांच्याकडे पाहून साधेपणाचा धडा घेण्याआधी आपली शिदोरी त्यांच्यापुढे करणे अधिक बरे.

मग दोन वर्षांनी आम्ही पुन्हा त्याच यात्रेला निघालो, तेव्हा एकच नियम केला: प्रत्येक मोठ्या माणसाचा एक हात मोकळा राहिला पाहिजे. बाकी सगळा हिशेब त्यावरून आपोआप झाला. दोघांच्या पाठीवर एकेक सॅक आणि एका हातात खाण्याची पिशवी. पाच दिवसांसाठी प्रत्येकाचे कपड्यांचे तीन जोड: एक अंगावर, एक धुतलेला, एक कोरडा. दहा बाटल्या पाण्याऐवजी दोन, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, आणि बाटली वाटेत भरता येते. ओआरएसच्या पुड्या, डॉक्टरांनी मुलांच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेले तापाचे औषध आणि थर्मामीटर. ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे त्याचा पंप तर कधीच काटछाटीत धरू नये. खाण्यासाठी चपात्या, चटणी आणि आपल्या वसईची सुकेळी. ती वजनाला हलकी, पोटाला आधार देणारी आणि न नासणारी. दोन्ही मुलांच्या खिशात आमचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. रेल्वेचा १३९ आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हे नंबर थोरलीकडून पाठ करून घेतले होते.

मुलांनाही त्यांची छोटी सॅक दिली. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात म्हटले आहे. तोच हिशेब आम्ही धरला. थोरली तीस किलोची, म्हणून तिच्या सॅकमध्ये तीन किलोपर्यंत. काय घ्यायचे ते तिने ठरवायचे, मात्र ते शेवटपर्यंत तिनेच उचलायचे. तिने चित्रांची वही घेतली आणि दुसरी चप्पल काढून ठेवली. 'मला दोन्ही हवे' म्हणून ती आधी रडली. आम्ही गप्प बसलो, आणि ते गप्प बसणे सोपे नव्हते. मुलांना सगळे देता येते, पण निवड करणे मात्र त्यांचे त्यांनाच शिकावे लागते.

सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. धाकट्याचा स्वेटर आम्ही घरीच ठेवला होता. परतीच्या रात्री एसी बसमध्ये तो कुडकुडला, आणि पुढे दोन दिवस खोकत राहिला. 'एक स्वेटर घेतला असता तर काय झाले असते?' हे वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. पुढच्या वेळी स्वेटर घेऊच. पण त्या रात्रीची दुसरी बाजूही आहे. बसमधल्या एका बाईने न मागता आपली शाल दिली, आणि आम्ही तिच्या नातवाला सुकेळी दिली. घरी सगळेच होते तेव्हा आम्हाला कोणाची गरज नव्हती आणि कोणाला आमची नव्हती. थोडी उणीव राहिली तेव्हा शेजारी बसलेले माणूस दिसले.

कितीही मोठी बॅग घेतली तरी मुलांवर येणारी प्रत्येक अडचण तिच्यात बसत नाही. आईबापांना हे मान्य करणे जड जाते. म्हणूनच आपण आणखी एक पिशवी घेतो. पण नागपट्टिनमच्या त्या पहाटे आमच्या मुलाच्या उपयोगी पडला तो एका अनोळखी म्हातारीचा मोकळा हात. आमच्या नऊ नगांपैकी एकही नग कामी आला नव्हता.

या सुट्टीत आपणही कुठे निघत असाल तर आदल्या संध्याकाळी एक करून पाहा. भरलेले सगळे सामान अंगावर घ्या, मुलाचा हात धरा आणि घराच्या पायऱ्या एकदा उतरून पुन्हा चढा. हात सोडावा लागला, तर मुलाला तसेच उभे ठेवून बॅग उघडा, आणि काहीतरी बाहेर काढा.

आपला प्रवास सुखाचा होवो.