वेगाचा गुन्हा

मेटल संगीतात गाणारा मध्येच थांबतो आणि गिटारवादक एकटा पुढे येतो. त्याच्या त्या सोलोवरून रसिकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, सफाई पाहा. दुसरा म्हणतो, बोटे पळाली, काळीज हलले नाही. स्वीडनच्या यिंग्वे माल्मस्टीनने १९८४ च्या ‘रायझिंग फोर्स’मध्ये पागानिनीच्या व्हायोलिनचा वेग गिटारवर आणला, तेव्हापासून हे भांडण अधिकच पेटले. आपल्याकडे तानबाज गवयांवरही हाच आरोप होत आला आहे. खरे सांगायचे तर कित्येक वर्षे मीही दुसऱ्याच तटात होतो.

मत डळमळले ते जेसन बेकर या अमेरिकन वादकामुळे. १९८८ ची त्याची ‘पर्पेच्युअल बर्न’ मी ‘कसरत’ म्हणून बाजूला ठेवली होती. तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. पुढे विसाव्या वर्षी त्याला एएलएस झाल्याचे निदान झाले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाणारा हा आजार. आधी हात गेले, मग वाचा. वडिलांनी डोळ्यांच्या हालचालींची एक भाषा बसवली आणि तिच्यातून तो सूर सांगत राहिला. २०१८ मध्ये ‘ट्रायम्फंट हार्ट्स’ निघाली. रचना त्याच्या, बोटे बहुतांशी इतरांची.

भावनेचा तट म्हणेल, पाहा, कौशल्य गेले, भावना उरली! मला तसे वाटत नाही. कोणता सूर कुठे बसतो, हे त्याला पक्के ठाऊक होते म्हणूनच तो नजरेने सांगू शकला. कौशल्य नुसते बोटांत नव्हतेच.

मग ती जुनी तबकडी पुन्हा लावली. त्याच वेगात आता मला पोरवयाचा उल्हास ऐकू आला. तो तिथे आधीपासून होता, की आजार कळल्यावर माझ्या करुणेने तो आत घातला? मला सांगता येत नाही. सूर तेच होते, बदललो मी. ताल चुकला म्हणालो, तर दाखवून देता येते. पण वाजवणाऱ्याच्या अंतःकरणात काही नव्हते, हा निवाडा मी कोणत्या पुराव्यावर देत होतो?

कंटाळवाणे सोलो मला आजही कंटाळवाणे वाटतात, आणि तसे मी म्हणतो. ‘मला भिडले नाही,’ एवढेच.

माझा भाचा हल्ली मेट्रोनोम लावून एकच तुकडा तासन् तास घोटतो. आधी सावकाश, मग किंचित चढवून. परवा ‘अरे, जरा मन लावून वाजव’ असे ओठांवर आले होते. तेवढ्यात तो मान न उचलता म्हणाला, ‘मामू, दार ओढून घ्या ना, चुकतंय माझं.’

मी दार ओढून घेतले.