कोकणच्या किनाऱ्यासाठी

देवा, जबलपूरच्या बडा फुहाऱ्याच्या भरबाजारातून आम्ही तुला हाक मारतो आहोत. समुद्र इथून फार लांब. आमच्या वाट्याला आली ती नर्मदामाई. पण तीही शेवटी खंभातच्या आखातात अरबी समुद्रालाच मिळते. त्या समुद्राच्या काठी राहणाऱ्यांचं दुःख आम्हाला परकं वाटू देऊ नकोस.

तू काहीच विसरत नाहीस. विसरतो ते आम्ही, म्हणून तुझ्यापुढे उच्चारतो: ३ जून २०२०. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगानं रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. टाळेबंदीनं माणसं आधीच घरात कोंडलेली. त्यांच्या डोक्यावरची कौलं आणि पत्रे उडाले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांमधले आज्या-पणज्यांच्या हातचे माड, पोफळी आडवे झाले. कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेच वादळ विरत विरत मध्य प्रदेशावर आलं, तेव्हा त्याचे नुसते ढग उरले होते. आम्हाला जो गारवा मिळतो, त्याआधी कुणाचं तरी छप्पर गेलेलं असतं, याची जाणीव आमच्या मनात जागी ठेव.

वर्ष सरतं न सरतं तोच, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आलं. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. त्यांना तुझ्या पदरात घे. त्यांच्या लेकरांची शाळा सुटू देऊ नकोस. खवळलेल्या पाण्यातून शेकडो जीव वर काढणाऱ्या नौदलाच्या जवानांना उदंड बळ दे.

ऊन पाण्याच्या वाफेवर वादळ पोसतं, आणि समुद्र तापवण्यात आमच्या धुराचाही वाटा आहे. आमची हाव आवर.

वादळ यायचंच असेल, तर त्याआधी इशारा पोहोचू दे. बंदरावर बावटा चढला की खोल दर्यात गेलेली होडी वेळेत माघारी फिरू दे. हातची मासळी सोडून परतलेल्या तांडेलाच्या घरी चूल विझू नये. घर सोडायला जीव न धजणाऱ्या म्हाताऱ्यांना हात धरून नेणारं कुणी भेटू दे. गोठ्यातली दावी वेळेवर सुटू देत.

आणि वादळ ओसरल्यावर आम्हाला पांगू देऊ नकोस. बातमी चार दिवसांत शिळी होते. पोफळीच्या रोपाला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढी वर्षं आमचा मदतीचा हात आखडू नये. मोडलेल्या वाडीत ज्यानं पुन्हा रोप लावलं, त्याला त्या झाडाची पहिली सुपारी स्वतःच्या हातानं उतरवू दे, देवा.