जोडणाऱ्याचा हक्क

विकत घेतलेली वस्तू आपली होते, म्हणजे नेमके काय होते? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली. आता ती आपलीच. परंतु निर्मात्याने न योजलेल्या कामी ती वापरावयाची झाल्यास ती कितपत आपली उरते, असे कोणी विचारले की आपण अडखळतो. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका क्षुल्लक भासणाऱ्या उदाहरणावरून करू इच्छितो.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे खेळयंत्र काढले. अमेरिकेत ते १९८५ साली एन.ई.एस. या नावाने आले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडावयाचे जे स्वस्त व्हिडिओ गेम घरोघर आले, त्यांतील बरेचसे याच यंत्राची नक्कल होते. एन.ई.एस. यंत्रे जुनी झाली, बंद पडली. हातात धरावयाचे कंट्रोलर मात्र पुष्कळदा शाबूत राहिले. घरात संगणक असतो, पण कंट्रोलरचा सात पिनांचा प्लग त्याच्या कुठल्याच खाचेत बसत नाही. मग एखादा खटपट्या मुलगा सोल्डरिंग आयर्न तापवितो.

त्या कंट्रोलरमध्ये दडलेले रहस्य फारच थोडे आहे. आठ बटणे आणि ४०२१ क्रमांकाची एक साधी चिप, जी बाजारात कोणालाही मिळते. कामाच्या तारा पाचच: एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची आणि तीन संदेशांच्या. एका तारेवरून खूण मिळताच चिप आठही बटणांची स्थिती एकदम टिपून घेते. दुसऱ्या तारेवर ठोका पडेल तसतशी ती तिसऱ्या तारेवरून एकेक कळविते. प्रथम ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. इतकेच! १९९० च्या दशकात हौशी मंडळी ही जोडणी प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टवर करीत आणि डायोड लावून तेथूनच वीजही उचलीत. नव्या संगणकांना तो पोर्ट सहसा नसतो. म्हणून आता एटीमेगा ३२यू४ सारखी चिप असलेले लहानसे बोर्ड मध्ये बसवितात. एका बाजूने ते कंट्रोलरशी त्याच्या भाषेत बोलते, दुसऱ्या बाजूने यू.एस.बी.तून संगणकाला सांगते की, मी एक साधा गेमपॅड आहे. जाणती मंडळी मूळ प्लग कापीत नाहीत; वेगळी जोडवायर आणून ती कापतात, म्हणजे कंट्रोलर पुन्हा मूळ यंत्राला लावता येतो. हा संयम आम्हांस फार आवडतो.

यात कोणाचे काय बिघडले? आमच्या मते काहीच नाही. प्लगचा आकार निराळा ठेवणे हा निर्मात्याचा व्यवहार झाला. त्याला आज्ञेचे स्थान देण्याचे कारण नाही. प्रश्न अवघड होतो तो पुढे.

१९९२ साली अमेरिकेतील न्यायालयांपुढे दोन खटले आले. एन.ई.एस.मध्ये परक्या कार्ट्रिजला अडविणारी एक कुलूपचिप होती. अटारी गेम्स या कंपनीने ती भेदण्यासाठी आपल्यावर दावा दाखल झाल्याची खोटी बतावणी करून कॉपीराइट कार्यालयातून तिच्या प्रोग्रामची प्रत मिळविली. चिप उघडून समजून घेणे न्यायालयाने मुळातच निषिद्ध मानले नाही. अटारीला भोवली ती ही लबाडी. दुसरीकडे ॲकोलेड कंपनीने सेगाचे यंत्र व खेळ बाजारातून विकत आणून, त्यांची उकल करून आपले खेळ त्यावर चालविले. तेथे निकाल ॲकोलेडच्या बाजूने लागला. गाठावयाचे ठिकाण दोघांचे एकच होते, वाटा निराळ्या होत्या.

आता घरातल्या मुलाकडे वळू. त्याची जोडणी निर्दोष. पण तिच्यावर तो खेळतो काय? बहुधा कोठून तरी फुकट उतरवून घेतलेली जुन्या खेळांची नक्कल. 'हे खेळ आता कोणी विकतच नाही, मग कोणाचे नुकसान?' असे तो विचारील. या युक्तिवादाने आम्ही निम्मेच पटतो. दुकानातून वस्तू उचलण्याइतके हे कृत्य आम्ही वाईट म्हणणार नाही. पण कोणी विकत नाही म्हणून ते माझे, हेही तर्कात बसत नाही. आईवडील मात्र एक तर मुलाच्या हुशारीचे कौतुक करून खेळाविषयी विचारीत नाहीत, किंवा खेळाच्या रागाने सोल्डरिंग आयर्नच काढून घेतात. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजल्या जातात, ही आमची तक्रार आहे.

आणि जोडणी ही केवळ खेळकऱ्यांची हौस असते, असेही नाही. ज्याला दोन्ही हातांनी कंट्रोलर धरता येत नाही, त्याच्यासाठी पायाने, हनुवटीने वा श्वासाने चालणारी बटणे जोडून देणारे लोक आहेत. ब्रिटनमधील स्पेशलइफेक्ट ही संस्था २००७ पासून हेच करीत आली आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने अशांसाठी स्वतःच एक कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीवर निरनिराळी बटणे जोडण्यासाठी १९ छिद्रे होती. याच कंपनीने २०२३ च्या अखेरीस एक्सबॉक्सवर अनधिकृत उपकरणे चालू न देण्याचे ठरविले. फसवेगिरी करणाऱ्यांना त्याने आळा बसेल, असे काहींना वाटले. परंतु ज्या अपंग खेळाडूंचा खेळ अशाच एखाद्या अनधिकृत जोडणीवर चालला होता, त्यांना चिंता पडली ती निराळीच: आपला ॲडॉप्टर उद्या चालेल का?